ईस्टरचा सोमवार उजाडला की सगळं संपतं का?

एका कॅथलिक बाईने ईस्टरनंतर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणानंतर, लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेर वसई, सासर डोंबिवली, नवरा हिंदू (लग्न चर्चची रीतसर परवानगी काढून लागलेलं), पाच महिन्यांचं बाळ अजून बाप्तिस्म्याविना, आई वसईत कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली आणि स्वतःचं शेवटचं कन्फेशन (फादरांकडे पापांची कबुली) चार वर्षांपूर्वीचं. "शनिवारी रात्री जागरणाच्या मिस्साला (देवळातल्या उपासनेला) डोळे भरून येतात, रविवारी इंदलचं जेवण, पाहुणे, पोरांची अंडी, आणि सोमवारी सकाळी लोकलमध्ये उभी राहिले की वाटतं कालचं सगळं गेलं कुठे? फादर सांगतात ईस्टर ५० दिवसांचा असतो, मग माझा एका दिवसात का संपतो? आणि हे बाप्तिस्मा, कन्फेशन, कम्युनियन वगैरे सात संस्कार रोजच्या धबडग्यात नेमके कुठे उपयोगी पडतात?"

मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते त्याला ३० च्या वर वर्षं झाली, आधी शाळेतून घरी आल्यावर संध्याकाळी, आता रिटायर झाल्यावर रविवारी सकाळी पण, आणि शिवाय मिस्सानंतर आजारी माणसांना घरी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) नेऊन द्यायचं काम फादरांनी दिलंय तेही बरीच वर्षं चाललंय. मी काही शास्त्री-पंडित नाही. फादर-सिस्टरांनी घेतलेले कोर्स केले आणि बाकीचं लोकांच्या ओटीवर बसून शिकले. तेव्हा बाय, जमेल तसं सांगते, थोडं इकडचं तिकडं होईल.

शनिवारी रात्री डोळे भरून येतात ते यायलाच हवेत गं, तो विधीच तसा आहे. देवळातले सगळे दिवे बंद, लोक बाहेर आवारात उभे, मधे शेकोटी पेटवलेली, धूर डोळ्यांत जातोय, कुणाचं तरी पोर रडतंय, आणि फादर त्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, आल्फा-ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि चालू सालाचे चार आकडे कोरतात, धुपाचे पाच खडे खोचतात येशूच्या पाच जखमांचे, मग त्या नव्या आगीवर ती पेटवून काळोख्या देवळात आत नेतात. मग एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी आपल्या हातातली मेणबत्ती लागत जाते, साडीवर मेण सांडतं, आणि ग्लोरिया या स्तुतिगीताला गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजायला लागतात. ४० दिवस उपवास काढलेल्या माणसाला त्या क्षणी काही झालं नाही तरच नवल. पण बाय, तो भर चार तासांत ओसरतो. माझाही ओसरतो. रविवारी दुपारी जेवून जी झोप लागते ती काय स्वर्गीय आनंदाची नसते, थकव्याची असते.

गंमत सांगते. माझ्या आजीच्या तरुणपणी हे जागरण रात्री नव्हतंच! शनिवारी सकाळी व्हायचं, भर उजेडात. म्हणजे बाहेर ऊन आणि आत फादर लॅटिनमध्ये गातायत की "ही ती रात्र". तसंच चालत आलेलं, कुणाला काही वाटायचं नाही. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये ते रात्री करून बघायला परवानगी दिली आणि १९५५ च्या हुकमाने पुढच्या वर्षीपासून सगळीकडे रात्रीचं केलं. आजी सांगायची, आम्ही शनिवारी सकाळी देवळातून आलो की सरळ वाडीत, पानवेलीला पाणी द्यायला. तिला तो काळोख, ती शेकोटी, ते भारलेलं वातावरण यातलं निम्मंही मिळालं नव्हतं, मराठीतली मिस्सा तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५ ची बिशपांची सभा) आली, आणि तरी त्या बाईचा ईस्टर आपल्यापेक्षा पक्का होता असं माझं मत आहे. का, ते पुढे येईल.

तर ५० दिवसांचा हिशोब. यंदा (२०२६) ईस्टर ५ एप्रिलला होता, म्हणजे पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरल्याचा सण, २४ मेला. त्यातले पहिले आठ दिवस तर चर्च एकच दिवस धरतं, रोज मोठ्या सणाची मिस्सा, रोज ग्लोरिया. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मटण चालतं हे तुला माहीत होतं का? एरवी शुक्रवारी मांस टाळायचं, पण तो शुक्रवार महासणाच्या दर्जाचा म्हणून नियम आपोआप उठतो. मी वर्गात हे सांगते तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात आणि आया माझ्याकडे संशयाने बघतात. माझ्या घरी मात्र त्या शुक्रवारी मुद्दाम मटण होतं. उपवासकाळात आपण शुक्रवार न चुकता पाळतो, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखाची प्रार्थना) करतो, कुणी चहा सोडतो, कुणी दारू सोडतो, दुःख पाळायला आपल्याला छान जमतं. आनंद पाळायचा म्हटला की काय करायचं तेच कळत नाही, कारण आनंद पाळायचा असतो हेच कुणी शिकवलेलं नाही, तो आपोआप येईल म्हणून आपण वाट बघत बसतो. तो यायचा तेव्हा येईल, आपण आपलं पाळायचं.

त्या आठवड्यातली शुभवर्तमानं (येशूच्या चरित्रातली वाचनं) एकदा सलग वाच, मोबाइलवर वाचलीस तरी चालेल. तिथेही कुणी नाचत नाहीये. येशूची शिष्या मग्दालिया त्याच्या कबरेपाशी रडतेय आणि समोर उभा असलेल्या येशूला ती बागेतला माळी समजते. हे वाचलं की आजी हसायची, म्हणायची माळी समजली म्हणजे आपल्यातलाच वाटला असणार तो, वाडीतला, गुडघ्यापर्यंत चिखलाचा. एमाऊस गावच्या वाटेवरचे दोघं शिष्य तोंड पाडून गावाकडे निघालेत, तुझ्या लोकलच्या डब्यासारखंच, आणि शेजारून चालणारा माणूस कोण ते त्यांना भाकर मोडेपर्यंत ओळखू येत नाही. बाकीचे दार लावून बसलेत. येशू आत येतो आणि विचारतो काय, तर खायला काही आहे का. मग भाजलेल्या माशाचा तुकडा खाऊन दाखवतो. म्हणजे पहिल्या ईस्टरलासुद्धा लोक गोंधळलेले, दमलेले, अर्धे घाबरलेलेच होते, आणि आनंद त्यांच्याकडे आला तो जेवणातून, हाताने शिवता येईल अशा रूपात आला. संस्कार म्हणजे दुसरं काय आहे? पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, डोक्यावर ठेवलेला हात. मनाला वाटो न वाटो, अंगाला लागतं.

आणि सगळ्यांत मला आवडतं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायातलं. शिष्यांना रात्रभर जाळं टाकून काही लागलेलं नाही, पहाटे किनाऱ्यावरून एक माणूस ओरडून सांगतो उजव्या बाजूला टाका, आणि १५३ मासे! मोजलेत कुणीतरी. पाचूबंदरच्या, अर्नाळ्याच्या कोणत्याही कोळणीला विचार, मासळी आली की ती मोजलीच जाते, चमत्कार असला म्हणून काय झालं. काठावर येतात तर येशूने कोळशाची शेगडी पेटवून ठेवलीय, वर मासा, बाजूला भाकर, आणि म्हणतो या, न्याहारी करा. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. येशूला पकडलं त्या रात्री शिष्य पेत्राने "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं होतं ना तीनदा, तेव्हाही तो कोळशाच्याच आगीपाशी शेकत उभा होता, योहानाच्याच १८ व्या अध्यायात. तसाच धूर, तसाच वास. त्या वासात येशू त्याला आधी खाऊ घालतो, मग बाजूला घेऊन तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का तुझं. "तू तेव्हा असं का बोललास" हे एकदाही विचारत नाही.

माझ्या मते हे कन्फेशन आहे. चार वर्षं झाली म्हणून तू घाबरतेस, मी तर २३ वर्षांनी आलेली माणसं रांगेत उभी बघितलीत. तुला काय होतंय ते मला ठाऊक आहे, प्रार्थना विसरलेय, फादर ओळखीचे आहेत, सुरुवात कुठून करू. सुरुवात "फादर, चार वर्षं झाली, मला कसं करायचं आठवत नाही" इथून कर, पुढचं ते बघतात, त्यांचं रोजचं काम आहे ते. ओळखीचे फादर नको असतील तर दुसऱ्या धर्मग्रामात (दुसऱ्या देवळाच्या हद्दीत) जा, वसईत देवळांची काय कमी आहे का, दोन किलोमीटरला एक. आणि ऐकलेलं बाहेर जाईल याची भीती नको, कन्फेशनमधलं फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी आपोआप चर्चच्या बाहेर पडतो, त्याला कुणी काढायलाही लागत नाही, इतका तो नियम कडक आहे. नियमाचंच म्हणशील तर गंभीर पाप मनावर असेल तर वर्षातून एकदा तरी कन्फेशन, आणि वर्षातून एकदा तरी कम्युनियन, तेही शक्यतो ईस्टरच्या काळात. इतकी कमी मागणी आहे. चार वर्षं कन्फेशन नाही म्हणून तू चार वर्षं कम्युनियनच्या रांगेत गेली नसशील तर तेही कदाचित उगाचच, गंभीर काही असेल तरच आधी कन्फेशन करावं लागतं, पण ते ओटीवर बसून मी ठरवणार नाही, फादरांनाच विचार.

एक मात्र सांगते, गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नकोस. तेव्हा रांग देवळाच्या दारापर्यंत असते, फादर दमलेले असतात आणि तुला मिळतील दोन मिनिटं. ईस्टरनंतरच्या एखाद्या साध्या शनिवारी संध्याकाळी जा. देऊळ रिकामं असतं, पंखा फिरत असतो, देवळाची देखभाल करणारा सॅक्रिस्टन फुलं बदलत असतो. निवांत बोलणं होतं.

आता बाळ. उशीर केलास, तेवढं बोलून घेते, जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा द्यावा असा दंडक आहे, पण आई आजारी, नवीन बाळंतपण, मी समजू शकते. ईस्टरचा काळ त्याला उत्तम, कारण शनिवारी रात्री जी मेणबत्ती बघून तुझे डोळे भरले ती ५० दिवस वेदीपाशी उभी असते. बाप्तिस्म्याला बाळाची छोटी मेणबत्ती तिच्यावरच पेटवतात, बापाने किंवा धर्मपित्याने (गॉडफादरने). आमच्याकडे फादर सरळ बापाच्या हातात देतात, बाप हिंदू असला तरी. मी एका अशा बापाला बघितलंय, बिचारा इस्त्रीचा सदरा घालून मागे खांबाशी उभा होता, आपलं इथे काय काम अशा चेहऱ्याने, फादरांनी हाक मारून पुढे बोलावलं, मेणबत्ती हातात दिली, त्याचा हात असा थरथरत होता की दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्याने दुसरा तळहात आडवा धरला, आपण देवघरातली समई नेताना धरतो ना तसा. त्याला ती सवय घरचीच होती. ती मेणबत्ती आता त्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीत आहे, बाळाच्या पहिल्या कम्युनियनला परत काढायची म्हणून.

बाळाच्या टाळूवर जे सुगंधी तेल लावतात, क्रिझ्म, तेही ईस्टरचंच. पवित्र आठवड्यात बिशप सगळ्या फादरांना बोलावून एका मिस्सामध्ये तीन तेलं तयार करतात, बाप्तिस्म्याआधी छातीला लावायचं एक, आजाऱ्यांचं एक आणि हे क्रिझ्म, ज्यात ऑलिव्हच्या तेलात बाल्सम मिसळतात. आपल्या धर्मप्रांताचे सगळे फादर त्या दिवशी तीन-तीन छोट्या बाटल्या घेऊन गावोगाव परततात. म्हणजे बाप्तिस्मा वसईत झाला तर तुझ्या बाळाच्या छातीला लागणारं तेल आणि तुझ्या आईच्या कपाळाला लागणारं तेल एकाच दिवशी, एकाच वेदीवर आशीर्वादित झालेलं. तीच बाटल्यांची तिकडी घेऊन फादर रविवारी दुपारी बारशाला जातात आणि रात्री अडीच वाजता हॉस्पिटलात.

जाता जाता, बाळ अचानक सिरियस झालं आणि फादर मिळत नसतील तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, नर्स देऊ शकते, तुझा नवरा देऊ शकतो, स्वतः ख्रिस्ती नसला तरी. चर्चला जे करायचं असतं ते करायचा हेतू हवा, डोक्यावर पाणी ओतायचं आणि "मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो/देते" असं म्हणायचं. हे प्रत्येक आईला माहीत हवं म्हणून सांगते, घाबरवायला नाही.

लग्नाचं तू विचारलं नाहीस पण प्रश्नात कंसात लिहिलंस, म्हणजे टोचतंय. परवानगी काढून झालेलं लग्न चर्चच्या लेखी पूर्ण वैध आहे, कुणी आत्याबाई काही पुटपुटली तर खुशाल दुर्लक्ष कर. हां, विवाहसंस्कार असं नाव त्याला देत नाहीत, त्याला दोघांचा बाप्तिस्मा झालेला लागतो. ऐकायला कडू आहे, मी गोड करून सांगणार नाही. पण संत पौलाने करिंथच्या मंडळींना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अशाच घरांबद्दल लिहिलंय की विश्वास न ठेवणारा नवरा बायकोमुळे पवित्र झालेला असतो. पहिल्या शतकातसुद्धा तुझ्यासारख्या होत्या आणि त्यांनाही हाच घोर होता. घरात ईस्टर एकटीचाच होतो म्हणतेस, तर पुढच्या वर्षी जागरणाला त्याला घेऊन ये. शेकोटी, मेणबत्ती, पाणी, यातलं त्याला काहीही परकं वाटणार नाही, वाचनं जरा लांबतात एवढंच. जुन्या करारातली सात असतात, फादर कमी करू शकतात पण समुद्र दुभंगल्याचं वाचन कधीच गाळत नाहीत.

आता रोजचं. लोकलमध्ये उभं राहून काय करायचं म्हणतेस. मी तीन साध्या गोष्टी सांगते वर्गातल्या पोरांना आणि त्यातली एक जरी धरलीस तरी पुष्कळ. जागरणाच्या रात्री जे पाणी आशीर्वादित करतात ते बाटलीत भरून घरी आणायचं, आमच्याकडे लोक सर्रास बिसलेरीच्या बाटल्या घेऊन येतात, काही बिघडत नाही. दाराजवळ वाटीत ठेव. कामाला निघताना अंगठा बुडवून बाळाच्या कपाळावर क्रूस काढ, मग स्वतःच्या. दोन सेकंद लागतात. देवळात शिरताना आपण सवयीने बोटं बुडवतो आणि निम्म्या वेळा फोन बघत बुडवतो, ते पाणी आपल्या बाप्तिस्म्याची आठवण म्हणून असतं. दुसरं, दुपारी बारा आणि संध्याकाळी सातची देवळाची घंटा. एरवी आपण देवदूताचा निरोप ही प्रार्थना म्हणतो, ईस्टर ते पेंटेकॉस्ट त्याच्या जागी "स्वर्गाच्या राणी, आनंद कर" म्हणायचं, आणि तेही उभं राहून. लोकलमध्ये तू उभीच असतेस, म्हणजे अर्धं काम झालं! आजी हे वाडीत करायची. सातची घंटा ऐकू आली की हातातलं खुरपं खाली ठेवायची, लुगड्याला हात पुसायची आणि उभी. दीड मिनिट. परत खुरपं. मघाशी म्हटलं ना तिचा ईस्टर पक्का होता, तो असा, रोज दीड-दीड मिनिटाने ५० दिवस.

आणि तिसरं रविवारची मिस्सा, त्यात नवीन काय सांगू. प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच आहे, शनिवारचा शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा वार) सोडून पहिल्या ख्रिस्ती लोकांनी रविवार धरला तो येशू त्या दिवशी उठला याच कारणासाठी. भर येवो न येवो, जायचं. एमाऊसच्या दोघांनाही वाटेत काही कळलं नव्हतं, भाकर मोडल्यावर कळलं. कधी कधी मिस्साभर बाळाला घेऊन तू मागच्या पडवीत फेऱ्या मारशील आणि एक शब्द कानावर पडणार नाही, तरी कम्युनियनच्या वेळी पुढे ये, जीभ किंवा हात पुढे कर. ज्याला जेवायची शुद्ध नाही त्यालाच आधी भरवावं लागतं.

आता आईचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तू लिहिलंस, फादरांना तेल लावायला बोलावलं तर आईला वाटेल आपलं संपलं. माझ्या बाबांच्या वेळी आम्ही हेच केलं. हार्टचं दुखणं, हॉस्पिटलात नऊ दिवस होते, चांगले शुद्धीत होते, पेपर वाचत होते, आणि आम्ही चौघं भावंडं कॉरिडॉरमध्ये एकमेकांना सांगत होतो की आत्ता नको, घाबरतील. दहाव्या दिवशी पहाटे गेले. फादर आले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता, त्यांनी प्रार्थना केली, पण संस्कार जिवंत माणसालाच देता येतो. नंतर बाबांच्या उशीखाली रोझरी सापडली आणि खिशात देवळाच्या ऑफिसचा नंबर चिठ्ठीवर लिहिलेला. बाबा घाबरणार नव्हते गं, घाबरलो होतो आम्ही.

हा मरणाचा संस्कार नाही. पूर्वी त्याला शेवटचं तेल म्हणायचे आणि लोकही शेवटच्या घटकेपर्यंत थांबायचे, व्हॅटिकन परिषदेने नाव बदलून आजाऱ्यांचं तैलाभ्यंग केलं आणि १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधीही नवा दिला. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, नुसतं म्हातारपणाने खचलेलं शरीर, एवढं पुरे. दुखणं वाढलं तर परत घेता येतं. मरणाच्या दारातला संस्कार खरं तर शेवटचं कम्युनियन आहे, त्याला लॅटिनमध्ये व्हियातिकुम म्हणतात, म्हणजे चक्क वाटेची शिदोरी.

गेल्या पावसाळ्यात मी फादरांबरोबर एका आजोबांकडे गेले होते, पानवेलीची वाडी असलेले, ऐंशीच्या पुढचे, तीन दिवस कुणाशी बोलत नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडलेले. फादरांनी काही न बोलता दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि तसेच थांबले, बराच वेळ. मग कापसाच्या बोळ्यातून अंगठ्यावर तेल घेऊन कपाळावर क्रूस, मग दोन्ही तळहातांवर. आजोबांनी तळहात नाकाशी नेला. "खोबरेल नाय हे," म्हणाले. फादर म्हणाले ऑलिव्हचं आहे, खोबरेलही चाललं असतं, झाडाचं कुठलंही तेल चालतं आता. आजोबांनी थोडा वेळ विचार केला आणि मुलाला म्हणाले, "तू खालच्या वेलांचं पाणी काढून दिलंस काय? मुळं कुजतील." त्यानंतर सात आठवडे होते ते. बरे झाले नाहीत, पण रोज खाटेवर उठून बसून वाडीचा हिशोब घ्यायचे आणि सुनेला वैताग आणायचे.

ते गेले तेव्हा देवळात शवपेटीशेजारी ती मोठी मेणबत्ती पेटवलेली होती, त्या सालाचे आकडे असलेली. पेंटेकॉस्टनंतर ती बाप्तिस्मा-कुंडाजवळ हलवतात आणि मग वर्षभर दोनच वेळा मुख्यतः पेटते, बाप्तिस्म्याला आणि प्रेतसंस्काराला. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस ईस्टरच्या सोमवारी, २१ एप्रिलला गेले, आदल्या दिवशीच सज्जात येऊन आशीर्वाद देऊन, गाडीतून चौकात फिरून, आणि सेंट पीटर्समध्ये त्यांच्याशेजारीही तीच मेणबत्ती होती, तू टीव्हीवर बघितलं असशील. तू म्हणतेस सोमवारी ईस्टर गेला कुठे. तो त्या मेणबत्तीबरोबर कुंडाच्या कोपऱ्यात उभा असतो बघ, कुणाच्या तरी घरचं बोलावणं यायची वाट बघत.

तर आता असं कर. वसईच्या फादरांना आजच फोन कर, साधारण संध्याकाळी सातनंतर ऑफिसात असतात, आणि आईला आधी विचार, तिच्यासमोर कुजबुज नको, सरळ विचार, "आई, फादरांना तेल घेऊन बोलावू का?" बहुतेक आया "बोलाव की" म्हणतात. फादर येतील तेव्हा कम्युनियनही आणतील. आजारी माणसाला आणि त्याची देखभाल करणाऱ्याला एक तास आधी उपाशी राहायची अट नाही, तेव्हा आईने औषधं-पेज घेतलेली असली आणि तू चहा प्यायलेली असलीस तरी दोघी घेऊ शकता. तुझं कन्फेशनही त्याच वेळी पलीकडच्या खोलीत होईल, शनिवारची वाट बघायला नको. खाटेशेजारी स्टुलावर पांढरा रुमाल, क्रूस, एक मेणबत्ती, पेलाभर पाणी आणि चमचा ठेव, एवढंच लागतं.

बाळाचा बाप्तिस्मा आईच्या देखत व्हावा असं तुला वाटत असेल तर तो वसईत घ्यावा लागेल, त्याला डोंबिवलीच्या धर्मग्रामाचं पत्र लागतं, ते या रविवारीच माग. बर्थ सर्टिफिकेट, तुमच्या लग्नाचा दाखला. धर्मपिता किंवा धर्ममाता एक असला तरी चालतं, फक्त १६ वर्षं पूर्ण आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेला हवा, त्याचा दाखला आधी तपासून घे, आयत्या वेळी तिथेच अडतं सगळ्यांचं. आणि नवऱ्याला सांग मेणबत्ती धरायचीय, सदरा सुती घाल, मेण सांडतं.